मे महिन्यातली फुलपाखरू बाग आणि सुट्टीतली पोरं - काय काय करता येईल?

अबोली_पुणे:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. आमच्या सोसायटीमागे महापालिकेची एक मोकळी जागा आहे, अर्धा एकरही नसेल, आधी तिथे लोक राडारोडा टाकायचे. आम्ही काही बायका आणि दोन रिटायर्ड काका असे मागे लागून लागून ती जागा साफ करून घेतली आणि तिथे हळूहळू फुलपाखरू बाग केली. आता तिथे कढीपत्ता, लिंबू, रुई, कण्हेर, तगर, पानफुटी, हळदीकुंकू, एका कोपऱ्यात जुना बहावा आणि कुंपणावर ईश्वरीची वेल एवढं नीट जगलंय, बाकी सदाफुली, पेंटास, जमैकन स्पाइक वगैरे फुलांसाठी.

यंदा असं ठरलंय की मे महिन्यात सोसायटीतल्या आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलांसाठी सकाळचं छोटं शिबिर घ्यायचं, फी नाही. मुलं पाच ते चौदा वयाची. अडचण अशी की व्हॉट्सॅप ग्रुपवर एका उत्साही काकांनी पोस्टर टाकलं त्यात भलामोठा निळा ब्लू मॉरमॉन, आणि खाली "या, फुलपाखरांच्या दुनियेत!" आता पालक विचारतायत "किती फुलपाखरं दिसतील हो?" मी काय सांगू? रोज बागेत जाते, सध्या नळाजवळ दोनचार दिसतात, बस.

तर प्रश्न: एवढ्या वेगवेगळ्या वयाच्या मुलांना गुंतवून ठेवायला काय करता येईल, उन्हाचं काय करायचं, आणि बरणीत सुरवंट पाळायला द्यावेत का. कृपया "कागदाची फुलपाखरं कापा" हे सोडून सांगा, ते आम्ही दरवर्षी करतो आणि दरवर्षी डिंक संपतो.

रानवाटा:
ताई, सगळ्यात आधी ते पोस्टर उतरवा. सिरियसली. आपल्याकडे फुलपाखरांचा खरा बहर पाऊस पडून गेल्यावर, ऑगस्ट ते नोव्हेंबर. मे महिना हा वर्षातला सगळ्यात कोरडा काळ, कारण सुरवंटांना कोवळी पालवी लागते आणि ती बऱ्याच झाडाझुडपांना पावसाशिवाय फुटत नाही, शिवाय उघड्या माळावरची रानफुलं वाळलेली. ब्लू मॉरमॉन म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालं, राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, हे सगळं मुलांना जरूर सांगा, पण मे महिन्यात पुण्यातल्या बागेत ठरल्या वेळी तो येईल असं वचन कोणी देऊ नये.

पण तुमच्या झाडांची यादी बघितली तर मी म्हणेन की शिबिराला भरपूर माल आहे, फक्त हवेत बघायचं नाही, पानांकडे बघायचं. तुम्ही पाणी घालता म्हणून कढीपत्त्याला पालवी आहे, तिथे लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन अंडी घालत असणारच. रुई उन्हाळ्यात पण हिरवी, त्यावर प्लेन टायगर. कण्हेरीवर कॉमन क्रो. सोसायटीच्या गेटला ते उंच निमुळते खोटे अशोक असतील, बहुतेक सगळ्यांच्या गेटला असतात, त्यावर टेल्ड जे. शिबिराचं नावच "पानावर कोण राहतं" असं काहीतरी ठेवा, म्हणजे फुलपाखरू दिसलं तर बोनस आणि नाही दिसलं तर कोणी पैसे परत मागणार नाही (फी नाही म्हणा तशी).

नुसताच_वाचक:
रानवाटा यांना अनुमोदन. आणि मस्त धागा, वाचतोय.

शाळामास्तर_ठाणे:
मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि आमच्याकडे मुलांना दरवर्षी ओवळेकर वाडीला नेतो, घोडबंदर रोडला, राजेंद्र ओवळेकरांनी स्वतःच्या जागेवर केलेली बाग. तिथे शिकलेली एक गोष्ट सांगतो. मुलांना "फुलपाखरू शोधा" म्हटलं की ती पळत सुटतात, ओरडतात, आणि होतं नव्हतं ते उडून जातं. "खाल्लेलं पान शोधा" म्हटलं की तीच मुलं उकिडवी बसतात. फरक तुमच्या डोळ्यासमोर दिसेल.

करायचं असं. प्रत्येक दोघांना एक फांदी वाटून द्यायची, तोडायची नाही, तिथेच बसायचं. पान कडेने खाल्लंय का मधे भोक आहे, का नुसता वरचा हिरवा थर खरवडलाय, का पानात पांढरी नागमोडी रेघ आहे (ती पानाच्या आतून खात जाणाऱ्या अळीची, ती फुलपाखराची नसते बहुतेक). मग खालच्या पानांवर काळे बारीक दाणे आहेत का बघायचं, ती सुरवंटाची शी. शी म्हटलं की पहिलीतली पोरं खूश, दाणे ताजे म्हणजे मालक बरोब्बर वर बसलाय. या शी वरून वर शोधत जाण्याच्या खेळावर आमचा अख्खा तास जातो.

कढीपत्त्यावर लाइमचं अंडं बघा, मोहरीहून लहान, पिवळसर, कोवळ्या पानावर एकेकटं चिकटवलेलं. तीनचार दिवसांत सुरवंट बाहेर, तो आधी काळपट-पांढरा, अगदी पक्ष्याची विष्ठा पडल्यावर दिसते तसा, म्हणजे पक्षी त्याला खायच्या भानगडीत पडत नाही. मोठा झाला की एकदम हिरवा होतो. त्याला गवताच्या काडीनं मानेजवळ हलकेच शिवलं की डोक्यामागून दोन टोकांचं मऊ शिंग बाहेर येतं आणि घाण वास येतो, आंबट कुजका. हे एकदाच, आणि ते सुद्धा मोठ्या माणसाने करायचं, नाहीतर सगळी पोरं काड्या घेऊन त्या बिचाऱ्याच्या मागे लागतात. वास एकेकाने घ्यायचा. पुढची दोन वर्षं मुलं तेच सांगतात घरी.

अवांतर: मुंबईतल्यांनी माहीमच्या निसर्ग उद्यानात पण जाऊन यावं, कचराभूमीवर उभं केलेलं जंगल आहे ते, राडारोड्यावर बाग करणाऱ्यांना तर बघायलाच हवं.

कुंडीवाली:
सगळं छान आहे पण माझा एक कटू अनुभव आधी ऐका मग पालवी बघा. मुलांसाठी म्हणून एका नर्सरीतून ऐनवेळी कढीपत्त्याची रोपं आणली, हिरवीगार, चकचकीत. आमच्या जुन्या झाडावरचे सुरवंट पोरांनी कौतुकानं त्यावर नेऊन ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सगळे मेलेले. रोपांवर कीटकनाशक मारलेलं असतं आणि काही औषधं तर झाडाच्या अंगात भिनतात, वरून पाणी मारून जात नाहीत. त्यामुळे शिबिराच्या आदल्या दिवशी नवीन रोपं आणून बाग सजवू नका. आणलीच तर पावसाळाभर बाजूला ठेवा, नवी पालवी दोनतीनदा फुटू द्या. त्यापेक्षा ओळखीच्या घरून फांदी, बी, कंद जे मिळेल ते.

आणि दुसरं, सोसायटीच्या मॅनेजरला आणि डासांच्या धुराच्या गाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. आमच्याकडे शिबिराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी धूर. पोरं तोंडाला रुमाल बांधून उभी आणि झाडावर काही शिल्लक नाही. कोणाशी भांडणार, त्यांचं पण काम आहे ते.

रानवाटा:
+१ कुंडीवाली. आणि फवारणीच्या विषयावर मुलांना एकच गोष्ट कळली तरी पुरे, की पान खाल्लेलं दिसणं हे बागेचं काम नीट चाललंय याचं लक्षण आहे. आपले माळी लोक पानाला भोक दिसलं की पंप काढतात, आणि त्यांना तसं आपणच शिकवलंय.

देवगडकर:
आमच्याकडे वेगळी बाग बिग करावी लागत नाही, परसात आंबा आहे पुरे. पण शहरातल्यांना सांगतो, आंब्याचं पान बघा. त्यावर बॅरन नावाच्या फुलपाखराचा सुरवंट असतो, हिरवा, दोन्ही बाजूला पिसांसारखे काटे पसरलेले आणि पाठीवर मधोमध फिकट रेघ. तो पानाच्या मधल्या शिरेवर ती रेघ बरोबर जुळवून बसतो आणि मग तुम्ही पान हातात धरलंत तरी दिसणार नाही. माझा पुतण्या मुंबईहून येतो त्याला दाखवला, बोटाने दाखवला तरी "कुठेय काका" चाललेलं. अंगणातल्या पोरांत जो आधी शोधेल त्याला पहिला आंबा, एवढंच आमचं शिबिर.

दुसरं, सगळी फुलपाखरं फुलावर जात नाहीत. बॅरन, नवाब, इव्हिनिंग ब्राऊन ही मंडळी कुजक्या फळावर येतात. रायवळ आंबे पडून सडतात ना, फणसाचा चोथा, पिकून काळं पडलेलं केळं, अननसाच्या साली, हे एका पसरट ताटात सावलीत झाडाखाली ठेवा. मे महिन्यात फुलांपेक्षा इथे गर्दी जास्त असते असा आमचा अनुभव. मुंग्यांसाठी ताट पाण्याच्या परातीत ठेवायचं. आणि माश्या येणारच, त्यांना पण बघा की, त्यांनी काय घोडं मारलंय.

अबोली_पुणे:
बापरे केवढं मिळालं एका दिवसात! पोस्टर उतरवलंय (काका रुसलेत, त्यांना फळांच्या ताटाचं खातं देऊन टाकू). देवगडकर, आमच्याकडे आंबा नाही पण समोरच्या बंगल्यात आहे, विचारते.

पालक एक प्रश्न सारखा विचारतायत, बरणीचा. मुलीच्या मैत्रिणीच्या शाळेत प्रत्येकाला सुरवंट आणि बरणी घेऊन यायला सांगितलं होतं म्हणे, प्रोजेक्ट म्हणून.

न्यूजर्सीवासी:
बरणीवर इथलं थोडं लिहितो. आमच्याकडे मोनार्क फुलपाखराचं फार वेड, उन्हाळी कॅम्पमध्ये मिल्कवीड (त्याच्या सुरवंटांचं खाद्य-झाड) लावणं, अंडी शोधणं, आणि ऑगस्ट संपता संपता मोनार्क वॉच या कॅन्सास विद्यापीठातल्या उपक्रमाचे छोटे गोल स्टिकर मागच्या पंखावर चिकटवून सोडणं. १९९२ पासून चालू आहे ते. शाळेतली पोरं स्टिकर लावतात आणि त्यातली काही फुलपाखरं मेक्सिकोच्या डोंगरात सापडतात, त्यामुळे मुलांना आपण काहीतरी खरं काम करतोय असं वाटतं आणि ते आहेच खरं.

पण याच वेडापायी लोक घरात शेकड्यांनी सुरवंट वाढवायला लागले आणि गर्दीत आजार पसरायला लागले. मोनार्कला एक सूक्ष्म परजीवी होतो, त्याचे कण पंखांवरून पानावर पडतात आणि पुढच्या पिढीच्या सुरवंटाच्या पोटात जातात. टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या उबदार भागात जी शोभेची मिल्कवीड लावतात ती हिवाळ्यात वाळत नाही, त्यामुळे तिच्यावर हे कण साठत राहतात, म्हणून तिथे ती कापून टाकायला सांगतात. आणि ही मिल्कवीड म्हणजे कोण माहितीये का, अबोलीताईंच्या यादीतलं हळदीकुंकूच! आपल्याकडे पण ती मूळची बाहेरचीच. आपल्या प्लेन टायगरसाठी देशी रुई असताना हळदीकुंकवाचा वाफा भरभरून लावायची गरज नाही असं माझं मत, एखादं असू द्या, अधूनमधून छाटत जा.

थोडक्यात बरणी नको. मोठ्या माणसांचाच उत्साह आवरत नाही तर मुलांचं काय.

शाळामास्तर_ठाणे:
न्यूजर्सीवासी, तुमचा मुद्दा मान्य, पण मी सरसकट नको म्हणणार नाही. वस्तीतल्या एका मुलानं माझ्या वर्गात कोषातून फुलपाखरू बाहेर येताना पाहिलं, चुरगळलेले ओले पंख, ते हळूहळू भरत जातात, पोटाकडून पाणी पंपल्यावर ताठ होतात, मग लालसर थेंब टाकतं. हे झाडावर बघायला मिळणं म्हणजे नशीब, कारण बहुतेक पहाटे नाहीतर सकाळी लवकर उरकतं. सगळ्यांनी मिळून एक सुरवंट, रोज ताजं पान, आणि बाहेर आल्यावर त्याच झाडापाशी सोडायचं, यात मला वावगं दिसत नाही.

रानवाटा:
सर, तुम्ही नीट कराल हो, पण शाळा "प्रत्येकी एक" सांगते तेव्हा चाळीस सुरवंट गोळा होतात, त्यातले निम्मे चुकीच्या पानावर उपाशी मरतात, आणि काचेच्या बंद बरणीत घाम सुटून बुरशी येते. शिवाय काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या यादीत आहेत, त्या पकडायच्याच नसतात आणि मुलांना कुठे कळणार कुठली कोण. मधला मार्ग सुचवतो. मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवा, ती सुरवंट बसलेल्या फांदीवर सरकवून दोन्हीकडून दोरीने बांधा. सुरवंट झाडावर, पान ताजं, मुंग्या-पक्षी बाहेर, आणि मुलं रोज येऊन बघू शकतात. पान संपत आलं की पिशवी पुढच्या फांदीला. फुलपाखरू आलं की लगेच उघडायची, एवढं मात्र रोजच्या रोज बघणारं माणूस हवं.

कुंडीवाली:
पिशवीची आयडिया भारी. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की कधीकधी कोषातून फुलपाखरू न येता बारीक गांधीलमाशी किंवा माशी बाहेर पडते, त्यांनी आधीच सुरवंटात अंडी घालून ठेवलेली असतात. आमच्याकडे एक मुलगी रडली. तिला सगळे समजावत होते की "वाईट माशी", ते मला नाही पटलं. माशीची पण पोरंच ती. तसं सांगितल्यावर ती विचारायला लागली की मग माशीला कोण खातं, आणि तिथून पुढचा अर्धा तास सरळ कोळी, सरडा, दयाळ असा गेला.

दोन_पोरांची_आई:
माझा धाकटा सुरवंट दिसला की किंचाळतो, "खाज येईल" म्हणून. आमच्या सासूबाईंनी लहानपणापासून घुल्यांची (केसाळ सुरवंटांची) भीती घातलीये. त्याला पाठवू का नको? आणि बागेत विषारी काही असतं का, आमच्याकडे कोणीतरी म्हणालं कण्हेर विषारी म्हणून.

रानवाटा:
सासूबाई अगदीच चूक नाहीत. फुलपाखरांचे सुरवंट बहुतेक निरुपद्रवी, पण शेवग्यावर वगैरे जे केसाळ घोळक्यानं बसतात ते पतंगांचे, त्यांचे केस टोचून खाज-पुरळ येतं. म्हणून सरळ नियम: काहीच हातात घ्यायचं नाही, बघायचं. केस लागलेच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढून काढायचे, मग साबण-पाण्यानं धुवायचं. डोळ्यात गेले तर डॉक्टर.

झाडांचं जास्त महत्त्वाचं आहे आणि अबोलीताई हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा. कण्हेर विषारी आहेच, सगळं झाड. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, सुरुवातीला दुखतही नाही फारसं त्यामुळे कळत नाही, म्हणून रुईची पानं मुलांनी तोडायची नाहीत, मोठ्यानेच दाखवायचं. आणि डबा खायच्या आधी प्रत्येकानं साबणाने हात धुवायचे, पाण्याचं पिंप आणि साबण जवळ ठेवा. रुईच्या विषामुळेच प्लेन टायगरला पक्षी सहसा खात नाहीत, सुरवंट ते विष अंगात साठवतो, म्हणून तो इतका आरामात उडतो. डॅनाइड एगफ्लायची मादी तर हुबेहूब प्लेन टायगरचं सोंग घेते, स्वतः विषारी नसताना. धाकट्याला ही गोष्ट सांगा, तो येईल.

शाळामास्तर_ठाणे:
कण्हेरीखाली मुलांना झोपवून वर बघायला लावा, चटई टाकून. क्रोचा कोष पानाखाली उलटा लटकलेला असतो आणि आरशासारखा चकाकतो, रुपेरी-सोनेरी, त्यात आपला वेडावाकडा चेहरा दिसतो. मी बघितलेल्या मुलांपैकी एकानेही हा "खरा" आहे यावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवलेला नाही.

वऱ्हाडी_ठसका:
पुण्याच्या उन्हाला ऊन म्हणता का बे तुम्ही. आमच्या नागपुरात पंचेचाळीसला टेकते. सकाळी साडेसहाला सुरू आणि नऊच्या आत पोट्टे घरी, टोपी, पाणी, हे आलंच. फुलपाखराला पण उडायच्या आधी ऊन खावं लागते, पंख पसरून बसते सकाळी, तेव्हाच नीट दिसते. दुपारी तेही सावलीत.

पण माझा सल्ला असा का संध्याकाळी पण एक दिवस ठेवा. पांढरी चादर बांधा दोरीवर, समोर एक बल्ब, आणि बसा. पतंग येतात, मे महिन्यात वळवाचा पाऊस पडून गेला की तर विचारूच नका. फुलपाखरापेक्षा पतंगांच्या जाती कितीतरी पट जास्त, आणि लोकांना एकाचं नाव माहीत नसते. अबोलीताई तुमच्या यादीत तगर आहे ना, तर तगरीवर दिवसा एक जाडजूड हिरवा सुरवंट शोधा, त्याच्या पुढच्या भागावर दोन निळे मोठे डोळे काढल्यावाणी ठिपके असतात, डिवचलं की मान आत घेऊन ते डोळे वटारते. तो ओलिअँडर हॉक मॉथ. आमच्या पोट्ट्यांनी त्याचं नाव थानेदार ठेवलं होतं. चादर नऊला उतरवायची, लाईट बंद करायचा, म्हणजे बिचारे आपापल्या कामाला जातात.

देवगडकर:
थानेदार भारी.

न्यूजर्सीवासी:
अबोलीताई, नळाजवळ दोनचार दिसतात म्हणालात ना, तो धागा सोडू नका. ते चिखलपान करतायत, ओल्या मातीतून क्षार शोषतात, बहुतेक नर असतात. मुलांकडून एक जागा करून घ्या: कुंडीखालची मोठी ताटली, त्यात माती-वाळू, चिमूटभर मीठ, थोडं शेणाचं पाणी, नुसतं ओलं राहील इतपत. वर पाणी साचू द्यायचं नाही नाहीतर डास होतील आणि परत ती धुराची गाडी येईल. मग मुलांना प्रयोग करू दे, एक ताटली मिठाची, एक साध्या पाण्याची, कुठे जास्त येतात ते त्यांचं त्यांनी लिहायचं. मोठ्या वयाच्या मुलांना हे आवडतं, त्यांना "छोट्यांचे खेळ" नको असतात.

रानवाटा:
मोठ्यांसाठी अजून एक. मे महिन्यात दिसणारी इव्हिनिंग ब्राऊन, पीकॉक पॅन्सी यांचे पंख मिटलेले फोटो काढायला लावा. उन्हाळ्यात त्यांचं रूप वाळक्या पानाचं असतं, शिरेसकट, डोळ्यांसारखे ठिपके जवळपास गायब, पंखाला टोक आलेलं. तीच जात पावसाळ्यात जन्मली की खालच्या पंखावर ठसठशीत डोळे. म्हणजे कोरड्या दिवसात वाळलेल्या पाचोळ्यात लपायचं आणि हिरव्या दिवसात डोळे दाखवून पक्ष्याला चकवायचं. आत्ताचा फोटो जपून ठेवायचा आणि सप्टेंबरात त्याच बागेत त्याच जातीचा फोटो काढायचा. मे महिना रिकामा नाही हे मुलांना कळायला याच्याहून चांगलं काही नाही. २०२० पासून देशभरात सप्टेंबरमध्ये बिग बटरफ्लाय मंथ (फुलपाखरं बघायचा, नोंदवायचा महिना) असतो, त्या निमित्तानं शिबिराचा दुसरा भाग घ्या. फोटो आयनॅचरलिस्ट या साइटवर टाका, जाणकार ओळखून देतात. मुलांचे चेहरे आणि घराचा पत्ता मात्र जाऊ देऊ नका त्यात.

नुसताच_वाचक:
एक बाळबोध शंका. घाणेरीवर इतकी फुलपाखरं असतात, ती का नाही लावत कोणी? फुकट मिळते.

कुंडीवाली:
मिळते फुकट, जात नाही फुकट. जंगलात पसरून देशी झाडोऱ्याला जागा ठेवत नाही ती. असलेली फुलं बघा, लावू नका. आणि नुसती रसाची फुलं लावली की ते फुलपाखरांचं हॉटेल होतं, घर नाही, मादीला पान हवं. एकदांडी, दगडीपाला म्हणतात ते, फरशीच्या फटीत आपोआप उगवतं, माळ्याला ते उपटू नको म्हणा, छोट्या फुलपाखरांना तेच पुरतं.

अबोली_पुणे:
अपडेट देते, पहिला आठवडा झाला.

पहिल्या दिवशी मुलं अपेक्षेपेक्षा जास्त आली आणि दोन पालक पण थांबले, त्यातल्या एकांना शेवटपर्यंत वाटत होतं की आपण कुठेतरी जाळीचा डोम उघडणार. "शी शोधा" हिट आहे, सर, शंभर टक्के. वस्तीतली एक मुलगी आहे आठवीतली, तिची नजर इतकी तयार की लाइमची अंडी तीच दाखवते सगळ्यांना आणि आता छोटे तिलाच टीचर म्हणतात, मला कोणी विचारत नाही. तिनेच परवा दाखवलं की मादी आधी पुढच्या पायांनी पानावर टकटक करते, मग दुसऱ्या पानावर, मग पोट वाकवून अंडं. मी सांगितलं की ती पायाने चव घेते. तर एकाने कढीपत्त्यावर पाय ठेवून बघितला.

फळांचं ताट काकांनी मनावर घेतलंय. घरून हापूसच्या कोयी आणतात, काकू वैतागल्यात. इव्हिनिंग ब्राऊन आला, माश्या भरपूर, आणि एक खार रोज. बंगल्यातल्या आंब्यावर बॅरन नाही सापडला. थानेदार सापडला!! दोन!!

संध्याकाळच्या चादरीला मुलांपेक्षा आजी-आजोबा जास्त आले. पतंग बेताचेच आले, पाऊस कुठे झालाय अजून.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बहाव्याच्या शेंगांत. झाड वर पिवळंधमक फुललंय आणि खाली मागच्या वर्षीच्या काळ्या लांब शेंगा पडलेल्या. मुलांनी दगडांनी फोडल्या, आत चकत्या चकत्या, त्यांना काळा चिकट गर, विचित्र गोड वास, एकेका चकतीत एक चपटी बी. गर खायचा नाही हे ओरडून सांगितलं (जुलाब होतात, आमच्या आजी औषधाला द्यायच्या) तरी एकाने चाटलाच, काही झालं नाही सुदैवाने. बी टणक असते म्हणून एका बाजूने खडबडीत फरशीवर घासून गरम पाण्यात रात्रभर भिजवली आणि दुधाच्या पिशव्यांत लावली. कॉमन एमिग्रंट फुलपाखराला अंडी घालायला बहावा लागतो हे पाठच झालंय पोरांना. जूनमध्ये टेकडीवर लावायला परवानगी मागितली आहे, मिळाली तर ठीक, नाहीतर ज्याची त्याने गावी न्यायची.

मच्छरदाणीची पिशवी एकच केली, लिंबावर. आज सकाळी कोष झालाय.

शाळामास्तर_ठाणे:
वा! कोष किती दिवसांत फुटेल यावर पैजा लावू द्या त्यांना. साधारण आठवडा-दहा दिवस धरा. कोषातून पंखांचा रंग दिसायला लागला की समजा दुसऱ्या दिवशी सकाळी, तेव्हा सहालाच बोलवा सगळ्यांना.

दोन_पोरांची_आई:
धाकटा गेला. अजून किंचाळतो पण आता जवळ जाऊन किंचाळतो.

वऱ्हाडी_ठसका:
हाहाहा, प्रगती आहे.
खुळखुळ्याचं बी पण जमवून ठेवा ताई, पावसाच्या सुरुवातीला फेकायचं. त्याच्या वाळक्या फांद्यांना टायगर आणि क्रोचे नर असे लगडतात ना, झाडातलं एक द्रव्य शोषतात, ते त्यांना मादीला रिझवायच्या गंधासाठी लागते. सप्टेंबरच्या शिबिराला एक वाळकी जुडी दोरीला टांगून ठेवा, मग काकांना पाहिजे ते पोस्टर लावू दे.

कुंडीवाली:
अबोली, तुझ्या ईश्वरीची फांदी मिळेल का ग? कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ ही फुलपाखरं आमच्याकडे येऊन रिकाम्या हाती परत जातात. नर्सरीत विचारलं तर बदकवेल गळ्यात मारतात, ती शोभेची, मला देशी हवीये. रविवारी येऊ का न्यायला?

अबोली_पुणे:
ये की, पण फांदी आत्ता नको नेऊस, या उन्हात धरणार नाही. पहिले दोनचार पाऊस होऊ दे, तेव्हा देते, तोवर कुंडी भरून ठेव. रविवारी तशीच ये, हात कमी पडतायत, आणि येताना दुधाच्या रिकाम्या पिशव्या आण, धुतलेल्या.